पोटगी, डीएनए आणि "पोरगी माझ्यावर गेली नाही"

भाकरतुकडा (१० जून, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय घरचाच आहे. माझा आत्तेभाऊ, वय ३६, चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची. दीड वर्षापासून वहिनी मुलीला घेऊन माहेरी, कऱ्हाडकडे. कारणं नेहमीचीच, सासू, नणंद, पैसा. वहिनींनी पोटगीचा अर्ज टाकला आणि गेल्या महिन्यात अंतरिम आदेश झाला. वहिनींना ५,००० आणि मुलीला ४,०००. भावाच्या हातात ३१ हजार येतात, त्यातले साडेनऊ फ्लॅटच्या हप्त्यात जातात.

आता कँटीनमध्ये कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय, "पोरगी तुझ्यावर गेलीय कुठं? डीएनए कर. रिपोर्ट निगेटिव्ह आला की मॅटर खल्लास, एक रुपया द्यायला नको." आत्याही आता म्हणायला लागली की नाक आमच्याकडचं नाही. भाऊ नेटवरून घरी करायचं किट मागवणार आहे, पोरगी महिन्यातून दोनदा भेटायला येते तेव्हा.

असं करता येतं का? चाचणीने पोटगी खरंच थांबते का? आणि मला स्वतःला पडलेला प्रश्न असा की, समजा खरंच मूल त्याचं नसेल, तर त्याने का भरायचे? आणि त्याने भरायचे नाहीत तर मग कुणी?

---

चिंचगूळ (१० जून, रात्री ११:०५)

बारशाला, जावळाला, पहिलीच्या प्रवेशाला नाक आपल्याकडचंच होतं. आदेश झाल्यावर एका महिन्यात बदललं. प्लॅस्टिक सर्जरी झाली का पोरीची?

---

रिकामटेकडा_नंबर१ (१० जून, रात्री ११:२०)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कृ.ह.घ्या. (कृपया हलकं घ्या.)

---

काळा_कोट (११ जून, सकाळी ७:५०)

भाकरतुकडा, मी फॅमिली कोर्टात वकिली करते. हा सल्ला समजू नका, भावाच्या वकिलाला विचारा. पण किट मागवायच्या आत हे वाचा.

तुमचा भाऊ समजतोय की प्रश्न रक्ताचा आहे. आपला कायदा प्रश्न लग्नापासून सुरू करतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ झालंय. नंबर बदलला, गाभा तोच. वैध लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचं औरस मूल, हा निर्णायक पुरावा. निर्णायक म्हणजे नुसतं "आम्ही असं धरतो" नव्हे. त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा कोर्ट ऐकूनच घेत नाही. भिंतीला एकच खिडकी आहे. गर्भ राहिला असेल त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे नवऱ्याने दाखवायचं. बोटीवर होता, तुरुंगात होता, परदेशात होता, असं काही. "आमचं पटत नव्हतं" ही ती खिडकी नाही. पटत नसलेल्यांना मुलं होत नाहीत असं कोर्ट मानत नाही, आणि बरोबर आहे.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पश्चिम बंगालमधलं पोटगीचंच प्रकरण आलं होतं. नवरा म्हणाला, रक्त तपासा. कोर्ट म्हणालं, मागितली म्हणून चाचणी मिळत नाही. आधी संधी नव्हती असं सकृद्दर्शनी तरी दाखवा. हवेत काठी फिरवून कुठे लागते का ते बघायला कोर्टाची परवानगी नाही. २००१ मध्ये तर आणखी पुढे गेले. नवरा-बायको त्या काळात एकत्र राहत असतील, तर डीएनए उलट आला तरी कायद्याची भिंत हलत नाही. नवऱ्याच्या बाजूने हे कठोर वाटेल, हे त्या निकालातच मान्य केलंय. तरी झुकायचं तर निरपराध मुलाकडे, असं.

तेव्हा पहिला प्रश्न नाकाचा नाही. सात वर्षांपूर्वी तुमचा भाऊ आणि वहिनी एका घरात राहत होते का?

घरच्या किटबद्दल कुणी प्रयोगशाळेतलं असेल तर सांगा. मी एवढंच सांगते की आईच्या नकळत भेटीच्या दिवशी पोरीच्या तोंडात काडी घातलीत आणि ते कोर्टात निघालं, तर पोटगी बाजूला राहील आणि भेटी बंद व्हायची वेळ येईल.

---

बाप_माणूस (११ जून, दुपारी १:१५)

काळा_कोट मॅडम, अर्धंच सांगितलंत. नागपूरचा २०१४ चा निकाल का गाळला? जानेवारी २०१४, सर्वोच्च न्यायालय. आपल्याच विदर्भातला माणूस. बायकोला महिना ९०० आणि मुलीला ५०० पोटगी मॅजिस्ट्रेटने ठरवलेली. हा पहिल्यापासून ओरडत होता की आमचा संबंधच १९९१ पासून नाही, मुलगी माझी नाही. खालून वरपर्यंत कुणी ऐकलं नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने चाचणी करायला लावली. नागपूरच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, हा बाप नाही. बाईंनी तो मानला नाही म्हणून हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी. पुन्हा तेच. तेव्हा कुठे न्यायालय म्हणालं की विज्ञान समोर उभं असताना कायद्याचं गृहीतक मागे हटलं पाहिजे, या माणसावर बापपण लादता येणार नाही.

किती वर्षं गेली मोजा. आणि भरलेले पैसे परत? नाही. निकालातच लिहिलंय, दिलेली रक्कम वसूल करायची नाही.

माझ्या ओळखीत एक जण आहे, नाव-गाव काही देत नाही. त्याला पोरगा अकरा वर्षांचा झाल्यावर कळलं. बायकोनेच भांडणात तोंडावर सांगितलं. तो पोटगी आजही भरतो, कारण वकिलाने सांगितलं की तुम्ही एकाच घरात होतात, विषय संपला. त्याला पैशाचं दुःख नाही. पण "यात अन्याय आहे" एवढं वाक्यसुद्धा कुणी उच्चारत नाही, लगेच "मुलाचा काय दोष". मुलाचा दोष नाही, मान्य. म्हणून याचा आहे का? चोर सोडून संन्याशाला फाशी.

---

काळा_कोट (११ जून, दुपारी २:४०)

गाळला नव्हता, ठेवला होता. बरं केलंत काढलात.

तुमच्या ओळखीच्या माणसावर अन्याय झालाय. मी उच्चारते ते वाक्य. फसवणूक झालीय त्याची.

पण नागपूरचा निकाल नीट वाचा. एक तर तो माणूस सुरुवातीपासून एकच गोष्ट सांगत होता. आदेश झाल्यावर, कँटीनमध्ये त्याला साक्षात्कार झाला नव्हता. दुसरं, चाचणी सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून होऊन रिपोर्ट समोर आले होते. चाचणी करायला लावावी का, हा प्रश्न तोवर मागे पडला होता. खालच्या कोर्टात लोक तो निकाल नाचवत येतात आणि तिथेच अडखळतात.

आता पुण्याचं बघा. फेब्रुवारी २०२३. दुसरा मुलगा २०१३ चा, घटस्फोटाचा अर्ज २०१७ चा. नवऱ्याकडे बायकोच्या फोनमधले मेसेज होते, शिवाय खासगी डीएनए रिपोर्टही होता, शून्य शक्यता सांगणारा. पुण्याच्या फॅमिली कोर्टाने चाचणीला हो म्हटलं, मुंबई उच्च न्यायालयाने तेच कायम केलं. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. सांगितलं ते असं की, बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचाय ना, मग तो इतर पुराव्याने करा, मुलाला त्याचं हत्यार करू नका. आणि आपला जन्म कसा झाला हे चव्हाट्यावर येऊ न देण्याचा हक्क मुलालाही आहे.

माझ्यापुढच्या टेबलावर मात्र रक्ताचं भांडण क्वचित येतं. पगार लपवण्याचं रोज येतं. नोकरी सोडल्याचा कागद, ओव्हरटाइम वडिलांच्या खात्यात, शेत भावाच्या नावावर. २०२० च्या नोव्हेंबरपासून दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे (तेही प्रकरण मूळचं नागपूरच्या फॅमिली कोर्टातलं, बिचाऱ्या नागपूरकरांचं नशीब). त्यात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही ठरलं. भाकरतुकडा, तुमच्या भावाची थकबाकी त्या दिवसापासून धावतेय, हे त्याला माहीत आहे ना?

---

प्रयोगशाळेतला_उंदीर (११ जून, रात्री ९:३०)

बोलावलंत म्हणून आलो. सरकारी नव्हे, पण याच कामात बारा वर्षं आहे.

आधी चाचणी काय करते ते. नाक, रंग, भुवया यातलं काहीही बघत नाही. डीएनएमध्ये काही ठरावीक जागा असतात जिथे एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, माळेत एकच मणी ओळीने ओवल्यासारखा. माणसागणिक मणी किती ते बदलतं. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडून, एक बापाकडून. समजा एका जागी मुलीचे आकडे १४ आणि १७. आईचे १४ आणि १५. म्हणजे १४ आईकडून आला, १७ बापाकडून यायलाच हवा. आता त्या माणसाचे आकडे ११ आणि १७ असतील तर ती जागा जुळली. ११ आणि १२ असतील तर नाही जुळली. अशा पंधरा-वीस जागा बघतो.

एक जागा जुळली नाही म्हणून "बाप नाही" लिहीत नाही. पिढी बदलताना एखादा मणी कमी-जास्त होतो. तीन किंवा जास्त जागी बिघडलं तर मग नाकारतो. सगळं जुळलं तर ९९.९९ टक्क्यांच्या वर लिहितो. शंभर कधीच लिहीत नाही, आणि त्या उरलेल्या दशांशावर भांडणारे अशील मी पाहिलेत. संशय सख्ख्या भावावर असेल तर मात्र आधीच सांगावं लागतं, भाऊ-भाऊ बरेच जुळतात. जुळे असतील, एकसारखे दिसणारे, तर ही नेहमीची चाचणी हात टेकते.

घरचं किट. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, वाळवायची, कागदी पाकिटात घालायची. (प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवतात लोक. ओल धरते, बुरशी येते, पैसे वाया.) रिपोर्ट बरोबर येऊ शकतो. पण पाकिटावर "मुलगी" लिहिलंय म्हणून आतली काडी त्याच मुलीची, हे कोण सांगणार? शेजारच्या पोराची काडी घातली तरी मशीनला काय कळतंय. म्हणून कोर्टाच्या कामात तिघांना समोर बसवतात, ओळखपत्र, फोटो, अंगठा, साक्षीदाराची सही, सील. नमुना कुठून निघाला, कुणाच्या हातातून गेला, सगळं कागदावर. ती साखळी तुटली की रिपोर्ट म्हणजे रद्दी.

अजून एक. "चाचणीला आलेल्यांत इतके टक्के बाप खोटे निघतात" असले फॉरवर्ड फिरतात. अहो, चाचणीला येतातच ते ज्यांना संशय आहे. दातांच्या दवाखान्यात बसून गावात किती जणांचे दात किडलेत ते मोजण्यासारखं आहे. बेल्जियममध्ये ल्यूव्हेन विद्यापीठाच्या लारम्यूझो यांनी जुन्या वंशावळी आणि डीएनए ताडून पाहिलंय, तिथे पिढीमागे साधारण १ टक्का निघतो.

---

रिकामटेकडा_नंबर१ (११ जून, रात्री ९:५०)

म्हणजे शंभरातला एक. वर्गात आम्ही शंभर होतो.

(पुढचं वाक्य संपादित. विनोदाला हरकत नाही, आया-बहिणींवर नको. — संपादक)

---

जुनी_पोथी (१२ जून, सकाळी ६:१०)

अवांतर आहे, पण राहवत नाही. १८७२ चा कायदा इंग्रजांनी आणला म्हणून सगळे म्हणतील की हे गोऱ्या साहेबाचं गृहीतक. आपल्या धर्मशास्त्रात बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत. त्यात एक "गूढोत्पन्न". घरात जन्मला, कुणाचा ते ठाऊक नाही. तो कुणाचा? मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो, ज्याच्या पत्नीला झाला त्याचा. दुसरा "सहोढ". लग्नाच्या वेळीच वधू गर्भवती होती, नवऱ्याला माहीत असो वा नसो. तो पाणिग्रहण करणाऱ्याचा. मनूचं बाकी काय घ्यायचं-टाकायचं तो वेगळा धागा होईल, पण मूल उघड्यावर पडू नये ही काळजी तिथेही दिसते.

मूल बाईचं एकटीचं असू शकतं हे मात्र कुणीच धरलं नाही, हेही खरं.

---

हॅम्बुर्गकर (१२ जून, दुपारी १२:३०)

इकडची पद्धत सांगतो, कारण भाकरतुकडांच्या शेवटच्या प्रश्नाचं ("मग कुणी?") एक उत्तर इथे आहे.

जर्मनीतही लग्नाच्या बायकोचं मूल नवऱ्याचंच धरतात. पण २००८ पासून दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. नुसतं जाणून घ्यायचं असेल तर बाप, आई, मूल यांपैकी कुणीही रीतसर चाचणीला संमती मागू शकतं. त्याने बापपण आपोआप जात नाही. बापपण नाकारायचं असेल तर त्याचा वेगळा दावा, आणि तोही शंका घ्यायला जागा आहे असं कळल्यापासून दोन वर्षांत. दोन वर्षं गप्प बसलात की बसलात. गुपचूप केलेली चाचणी कोर्ट धरत नाही.

पैशाचं तर फारच वेगळं. मुलाला किती द्यायचे याचा "ड्युसेलडॉर्फर टाबेले" नावाचा तक्ता आहे. बापाची मिळकत एका बाजूला, मुलाचं वय वरती, चौकटीत आकडा. भांडण आकड्यावर होत नाही. आणि जो द्यायचा तो देत नसेल किंवा बाप कोण हेच ठरलं नसेल, तर सरकार आगाऊ देतं, २०१७ पासून अठरा वर्षांपर्यंत. मागाहून ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याकडून सरकार वसूल करतं. माझ्या खालच्या मजल्यावरची बाई तेच घेते. बाप पोलंडला गायब आहे. तिच्या पोराच्या शाळेची सहल त्याच्यावाचून अडली नाही.

शेजारी फ्रान्समध्ये मात्र कोर्टाबाहेर अशी चाचणी करून घेणं हाच गुन्हा आहे, ३,७५० युरो दंड.

---

एडिसनकर (१२ जून, संध्या. ७:००)

अमेरिकेत लग्न नसेल तर हॉस्पिटलमध्येच बापाच्या हातात फॉर्म देतात. सही केली की बाप. परत घ्यायला ६० दिवस, नंतर फसवणूक, जबरदस्ती वगैरे सिद्ध करत बसा. बाळाची आई ओटीतून बाहेर येतेय, डोळ्यांत पाणी, कोण वाचतंय फॉर्म. थकबाकी साचली तर ती मागच्या तारखेपासून माफ करता येत नाही, १९८६ चा कायदा आहे.

---

बाप_माणूस (१२ जून, रात्री ८:२०)

हॅम्बुर्गकर, दोन वर्षांची मुदत मला पटली. कळल्यापासून मोजतात हे महत्त्वाचं. माझ्या ओळखीच्याला अकराव्या वर्षी कळलं, त्याला तिथे दार उघडं राहिलं असतं. इकडे मुदतही नाही आणि दारही नाही. आणि ज्याचं मूल आहे तो मजेत. त्याच्याकडून का घेत नाही?

---

काळा_कोट (१२ जून, रात्री ९:४५)

त्याचंही उत्तर गेल्या वर्षी आलं. २८ जानेवारी २०२५, केरळचं प्रकरण. तरुण म्हणत होता की आईचा नवरा माझा खरा बाप नाही, तो दुसरा माणूस आहे, त्याची चाचणी करा आणि त्याने मला पोषणाचा खर्च द्यावा. सर्वोच्च न्यायालय नाही म्हणालं. लग्न चालू होतं, एकत्र येण्याची संधी होती, म्हणजे कायद्याने बाप ठरला. औरसपणा एकाचा आणि बापपण दुसऱ्याचं अशी वाटणी होत नाही. शिवाय त्या तिसऱ्या माणसालाही अब्रू आहे, खासगीपणा आहे.

म्हणजे तीच भिंत नवऱ्याला बाहेर पडू देत नाही आणि दुसऱ्याला आत ओढू देत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे, दुसऱ्याशी नाही. ज्याने मूल वाढवलं त्याचं नाव काढून घेऊ नका, पण खर्चात वाटेकरी आणायला काय हरकत होती?

आणि एक विसरू नका. लग्नाबाहेरच्या मुलांना हीच चाचणी तारते. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं पोटगीचं कलम १२५, नव्या संहितेत आता १४४, औरस-अनौरस असा भेद करत नाही. भारतात डीएनए कोर्टात पहिल्यांदा आला तोच मुळी अशा प्रकरणात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, केरळात, थलश्शेरीला. लग्न न झालेल्या आईने मुलासाठी पोटगी मागितली, माणूस म्हणाला माझं नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतून डॉ. लालजी सिंग यांच्या प्रयोगशाळेने सांगितलं, याचंच आहे. ज्या चाचणीकडे तुमचा भाऊ सुटकेचा दरवाजा म्हणून बघतोय, ती इथे आली तेव्हा एका बापाला धरून आणण्यासाठी आली होती.

---

चिंचगूळ (१२ जून, रात्री १०:१०)

१९५६ चा हिंदू दत्तक आणि पोषण कायदा तर मूल पोसायची जबाबदारी आईवरही टाकतो, "त्याने किंवा तिने" असंच लिहिलंय. कमावत्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. आणि मुलगी अविवाहित असेल, स्वतःचं भागवू शकत नसेल, तर तिचा हक्क अठरालाच संपत नाही. हे मी स्वतः लढून शिकलेय. जास्त लिहीत नाही.

---

मधुमालती (१३ जून, रात्री १२:५०)

लिहू की नको, तीन दिवस चाललंय.

मी ती मुलगी आहे. म्हणजे भाकरतुकडांच्या घरातली नव्हे, दुसरीच. नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी कोर्टात सांगितलं की ही माझी नाही. आईने चिडून "करा चाचणी" म्हटलं, त्यामुळे वाद न होता आदेश झाला. काळा_कोट सांगतात ते मुलाच्या खासगीपणाचं तेव्हा कुणाच्या तोंडात नव्हतं.

एका शहरात गेलो, एसटीने. खोलीत एक बाक होता. बाकाच्या एका टोकाला बाबा, एका टोकाला आई, मध्ये मी. एका काकांनी माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, मग फोटो काढला. छातीशी नंबर लिहिलेला पुठ्ठा धरायला सांगितलं. मी हसले. फोटो काढताना हसायचं असतं ना. आई म्हणाली, हसू नको. रक्त काढणाऱ्या बाईंनी लिमलेटची गोळी दिली. बाबांनी त्या अख्ख्या दिवसात माझ्याकडे पाहिलं ते एकदाच, रक्त काढताना मी "बाबा" म्हणून ओरडले तेव्हा.

रिपोर्ट आला. मी त्यांचीच.

सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. पोटगी सुरू झाली, वेळेवर यायची, मनीऑर्डरने. पोस्टमन पैसे मोजायचा आणि फॉर्मचा खालचा तुकडा फाडून द्यायचा. त्यावर दोन ओळी मजकूर लिहायला जागा असायची. बाबा तिथे दर महिन्याला कोर्टाच्या केसचा नंबर लिहायचे. फक्त नंबर. आईने ते तुकडे पुरावा म्हणून डब्यात ठेवले होते, मी ते काढून उलटसुलट बघायची, मागे काही लिहिलंय का.

भाकरतुकडा, तुमच्या भावाची चाचणी पॉझिटिव्ह येईल असं मी धरून चालते. नंतर तो पोरीला काय सांगणार आहे, एवढं विचारा.

---

बाप_माणूस (१३ जून, सकाळी ८:३०)

मधुमालती, वाचलं. दोनदा वाचलं. माझं मत तेच आहे, पण तुमच्या बाकड्यावर ते मांडता येणार नाही.

---

जुनी_पोथी (१३ जून, सकाळी ९:००)

🙏

---

भाकरतुकडा (२ जुलै, रात्री ११:१५)

उशिरा येतोय, माफी. सगळ्यांचे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. मधुमालतीताईंचा वाचून नाही दाखवला, मोबाइल त्याच्या हातात दिला आणि बाहेर गेलो.

त्याच्या वकिलांकडेही जाऊन आलो. त्यांनी एकच विचारलं, "सात वर्षांपूर्वी कुठे राहत होतात?" भाऊ म्हणाला, "भोसरीला. खोली घेतली होती. दोघंच होतो." वकील म्हणाले, "मग चहा घ्या."

किट आलं होतं, ते परत पाठवलं. आत्या अजून नाकावर आहे, तिला कोण समजावणार. पगार खाली आलाय, ओव्हरटाइम बंद झालाय, त्याचं प्रतिज्ञापत्र देऊन रक्कम कमी मागायची असं ठरलंय. थकबाकी तीन हप्त्यांत. बँकेतूनच भर, रोख देऊ नको, पुरावा राहतो, असं वकिलांनी बजावलंय.

काल पहिला हप्ता भरला. मी शेजारीच होतो. पाठवताना "रिमार्क" म्हणून एक रकाना येतो. त्याने आधी केस नंबर टाकला. मग खोडला. मग मला म्हणाला, इथे काय लिहायचं असतं?

---

काळा_कोट (३ जुलै, सकाळी ७:४०)

कोणत्या महिन्याची पोटगी ते लिहा. कोर्टाला तेवढं पुरतं.

---

मधुमालती (३ जुलै, सकाळी ७:५५)

महिना लिहा, आणि पोरीचं नाव. घरात हाक मारता ते.